गोलंदाजपुऱ्याचा शेवटचा नारळ

झाशी,
२३ सप्टेंबर १९३४

प्रिय जयसिंग,

तुझी दोन पत्रं आली, उत्तर गेलं नाही. क्षमा कर. वेळ नव्हता असं लिहून आत्ताच खोडलं. वेळ होता, मन होत नव्हतं.

गोलंदाजपुऱ्याचा उरलेला तोफेचा ओटा दिवाळीनंतर रेल्वे उखडणार आहे. तिथून नवा रूळ जाईल. आपल्या आजोबांच्या वेळी खंडेराव दरवाज्याबाहेर त्या ओट्याभोवती सगळी गोलंदाजांचीच घरं होती. तोफ इंग्रजांनी नेली, पुढे यार्ड आलं आणि घरंही गेली. कोणाचं दार कुठे होतं, कोणत्या विहिरीचं पाणी गोड होतं, हे मी म्हाताऱ्यांना विचारत हिंडलो. तू एकदा तरी विचारलंस? तू ग्वाल्हेरच्या तोफखान्यात भरती झालास, आणि आईला सारा गोलंदाजपुरा तुझ्या वर्दीत दिसायला लागला.

खंडेनवमीला त्या ओट्यावर नारळ फोडायचा मान तोफ डागलेल्या हाताचा. तसा हात घरात नसला तर नारळ नुसता ठेवून यायचं. बाबांनी जन्मभर नुसता ठेवला, मीही. मग एका वर्षी तू रजेवर आलास आणि फोडलास. आई रडली. मी बी.ए. झालो तेव्हा ती रडली नव्हती. चाळिशी उलटल्यावरही मी असले हिशेब मांडतो, याची लाज वाटते, तरी मांडतो.

यंदा परवानगीसाठी मीच खेटे घातले. यार्डातले शर्माजी म्हणाले, "मास्टरजी, लाइन पर मेला नहीं लगेगा। एक आदमी आए, बस।" मी माझं नाव दिलं. घरी येऊन आईला सांगितलं, शेवटचा नारळ मीच फोडणार. ती वाती वळत होती. म्हणाली, "फोड की. पण शाळामास्तरानं फोडलेला तोफेला कळायचा नाही हो!" हसली, आणि जरा वेळानं हळूच विचारलं, "जयसिंगला रजा नाही का रे मिळायची?"

तुला कळवायचंच नाही आणि रजा मिळाली नाही म्हणून तिला सांगायचं, असं माझ्या मनात आलं. ती मानेलही. म्हणून आजच लिहायला बसलो. दोन दिवस थांबलो तर लिहीन याचा मला भरवसा नाही. नवमीच्या आदल्या दिवशी ये. नवमीला मी यार्डाच्या फाटकाबाहेर थांबेन. मला आनंद झालाय असं मात्र समजू नकोस.

तुझाच, तरीही,
मार्तंड

(वहीत) उद्या: परवान्यावरचं माझं नाव काढून जयसिंगचं घालून घेणे.