माळावरच्या उंदराचा कोळी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज मला तुमचा राग आलाय. साधासुधा नव्हे, डोक्यात तिडीक गेलीय. कपाटातल्या एका बाटलीपायी.

मी तुमच्या प्रयोगशाळेतला शिपाई. पिंजरे लावायचं काम माझं. कन्हेरी गावच्या उसातनं शेतातला उंदीर आणायचा, इंदापूरकडच्या कोरड्या माळावरनं तो पिवळसर, शेपटीला गोंडा असलेला, उड्या मारत पळणारा. पांढऱ्या ताटावर उंदीर धरायचा, दात घासायच्या ब्रशनं केस उलटे विंचरायचे, की रक्त पिऊन फुगलेले कोळी, म्हणजे गोचिडीची बारीक भावंडं, रव्याच्या कणीसारखे खाली पडतात. ते ओल्या कुंचल्यानं उचलून स्पिरिटच्या बाटलीत, आणि आतच पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी. सगळं तुम्हीच शिकवलंत. तुमचं जुनं भिंगही मला दिलंत, "बघत जा" म्हणालात. बघत गेलो, म्हणून तर दिसलं. माळावरच्या कोळ्याच्या पाठीवरचे केस आखूड, मागचे दोन मात्र लांबच लांब. मी धावत आलो, "बाई, ह्यो येगळा हाय." तुम्ही वहीतनं मानसुद्धा वर केली नाहीत. "तुम्ही उंदीर धरा. जाती मला ठरवू द्या." मागं तुमची शिकणारी पोरं फिदीफिदी हसली, "काय शास्त्रज्ञबुवा, बारसं कवा?" हातात भिंग द्यायचं आणि वर डोळे मिटायला सांगायचं, ही कुठली रीत, बाई?

मग तपासणीला कमिटी यायची झाली. अर्ध्याच भरलेल्या बाटल्या बऱ्या दिसत नाहीत, एकात ओता, म्हणालात. उसातल्या नि माळावरच्या दोन बाटल्यांची एक झाली. चिठ्ठी राहिली कन्हेरीची. कपाट मात्र भरल्या घरासारखं दिसलं.

परवा तुमच्या जागेवरच्या नव्या मॅडमनी मला, रिटायर माणसाला, घरून बोलावून घेतलं. लोणी भापकर गावची लेक, सूक्ष्मदर्शकावर बसली की जेवण विसरते. "काका, ह्या बाटलीत दोन जाती हायत. एकीची कुठंच नोंद न्हाय. कुठल्या उंदरावरची?" मी सांगितलं. तिनं बाटलीतली चिठ्ठी पुन्हा वाचली. "माझा तुमच्यावर भरोसा हाय ओ. पण चिठ्ठी कन्हेरीची. तोंडी शब्दावर नाव देता येत न्हाय. तो उंदीरच पुन्हा धरायला पाहिजे."

तिच्या गाडीवर मागं पिंजरे धरून गेलो. माळ आहे कुठं? पाणी आलंय, डोक्याच्या वर ऊस उभा आहे. आठ सकाळी पिंजरे उघडले. आठही सकाळी शेतातलाच भामटा, शेंगदाणे खाऊन माझ्याकडंच बघत बसलेला. शेवटच्या दिवशी बांधावर बसून ती म्हणाली, "काका, नाव ठेवायच्या आधीच संपला का ओ?" काय सांगू तिला? तुम्ही सांगा. त्या दिवशी नुसती मान वर केली असती, तर काय बिघडत होतं?

हे पत्र धाडायला पत्ता नाही, आणि असता तरी धाडलं नसतं. बाटल्या ओता म्हणालात तुम्ही. चिठ्ठ्या काढा असं कुठं म्हणाला होतात? माळावरची चिठ्ठी मीच चिमट्यानं काढली आणि चोळामोळा करून खिडकीबाहेर फेकली. येगळा न्हाय म्हणताय न्हवं, मग ऱ्हाऊ द्या, असं तेव्हा मनात म्हणालो होतो. मॅडमना हे अजून सांगितलेलं नाही.