दीसाच्या घळीतले कावळे

१९ सप्टेंबर, गुरुवार. हाइल
सकाळी चहाला रेवाने सांगून टाकलं. दिवाळीत नाशिकला मंदामावशीकडे जायचंय, आणि परत यायचं नाहीये. अकरावीचं वर्ष गेलं तर गेलं. मावशीशी बोलणं झालंय, काकांशी झालंय, कॉलेजही बघून झालंय. सांगायचा मीच उरलो होतो.
"आय काँट लिव्ह इन धिस क्वाएट, बाबा."
मी म्हटलं, ट्रिपहून आल्यावर बोलू. तेवढीच चालढकल.
तिचा इकामा, म्हणजे इथल्या रहिवासाचा परवाना, माझ्या इकाम्यावर. एक्झिट री-एन्ट्री व्हिसा काढला तर परत यायची वाट राहते. फायनल एक्झिट म्हणजे खलास. दोन्ही माझ्याच फोनवरच्या सरकारी ॲपवरून, माझ्याच अंगठ्याने व्हायचं.
रशीदभाईंनी संध्याकाळी गाडी आणून लावली. डायलिसिस युनिटमध्ये माझ्याबरोबर आहेत, लाहोरचे. जुनी हायएस व्हॅन; मागे पलंग, गॅस, पाण्याची टाकी सगळं स्वतः बसवलेलं. रेवाच्या आईने, सु.ने, दोनदा आत बसून बघितली होती. दीसाची घळ बघायची तिची फार इच्छा. पण तिच्या वॉर्डच्या ड्यूट्या आणि माझ्या युनिटच्या, दोघांची रजा एकत्र म्हणून आलीच नाही. आता एकट्याची रजा दोन मिनिटांत मंजूर.
बुधवारी अविधवा नवमी. सु.ला जाऊन सव्वा वर्ष झालं, वर्षश्राद्ध झालंय, तेव्हा ही पहिलीच. मंदाचा मेसेज: "भाओजी, तिकडे काही करणार का?" आमच्या कॉलनीत कबुतरं ढिगाने, कावळा औषधालाही नाही. रशीदभाई म्हणाले, "दीसा में कौवे बहुत हैं भाईसाब, रोटी सँभाल के रखना।"
म्हणजे ठरलंच.

२० सप्टें., शुक्र. तैमा
दिवसभर गाडी. रस्ता सपाट, सपाट, सपाट, मग मधेच लाल दगड कोणी आणून टाकल्यासारखे. गाडी ऐंशीच्या वर गेली की भांडी वाजतात. रेवा कानात इयरफोनची बोंडं घालून, पाय डॅशबोर्डवर. सु. असेच ठेवायची. मी तिला ओरडायचो. हिला नाही ओरडलो.
खजुरांच्या बागेशेजारी गाडी लावली. खिचडी केली, खाली लागली. रेवाने वरवरची चांगली काढून मला दिली आणि स्वतः खालची करपलेली घेतली. हे कधीपासून करायला लागली?
जेवताना विचारलं तिने, "तू आणि आई गाडीत काय बोलायचात?"
"मी काही नाही. ती बोलायची."
"एक्झॅक्टली," म्हणाली.

२१ सप्टें., शनि. तबूक
सोमवारी नॅशनल डे, सगळं गाव हिरव्या झेंड्यांनी भरलंय. इंडियन दुकानात उडदाची डाळ मिळाली, लाल भोपळा मिळाला. शेवया पाकिस्तानी. चालतील. सु. म्हणायची, खिरीला पासपोर्ट लागत नाही.
काउंटरवर रेवा म्हणाली, "कावळा आलाच नाही तर? लास्ट टाइमसारखं?"
तेव्हा तीही घाटावर होती. दहाव्याला. पिंड ठेवला, कावळे झाडावर ओळीने बसलेले, एक खाली उतरेना. मग सगळ्यांनी एकेक करून सांगायला सुरुवात केली. मंदा म्हणाली, "ताई, रेवाला मी सांभाळीन, तू काळजी करू नको." शिवला नाही. सु.चा भाऊ म्हणाला, आईंचं औषधपाणी बघेन. शिवला नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. काय राहिलं असेल तिचं, मला खरंच सुचेना. बावीस वर्षांत तिने काही मागितलं म्हणजे काय, तर ही घळ. ते घाटावर कसं म्हणायचं! तोंडात मूग धरून उभा राहिलो. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.
एवढं रेवाला काउंटरवर कुठे सांगत बसू? "येईल," एवढंच म्हटलं.

२२ सप्टें., रवि. तबूकच
बॅटरी उतरली. येमेनी मेकॅनिकने "बुकरा, बुकरा", म्हणजे उद्या, उद्या, करत दिवस घालवला. मंदाचा फोन. आडून आडून बोलत राहिली, मग सरळच आली. "भाओजी, पोरगी तिथे कोमेजतेय. घरी आल्यावर तुम्ही बातम्या लावता नि ती खोलीत. तुम्हाला कळतंय का?"
कळतंय.
मी म्हटलं, तिच्याशिवाय मी तिथे काय करू मंदा? असं तोंडातून निघून गेलं. मंदा म्हणाली, "ते मी तिला सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका."

२३ सप्टें., सोम. दीसा
पोचलो. घाट उतरताना माझे हात घामेजले, ब्रेकचा वास यायला लागला. रेवा सारखी "स्लो, बाबा, स्लो," आई झाल्यासारखी.
आमची गाडी गावापर्यंतच. पुढे घळीत वाळू आणि पाणी, पिकअपच जाते. अबू सालिम म्हणून एक म्हातारा आहे, उद्या नेतो म्हणाला. त्याच्या बागेच्या कडेला गाडी लावू दिली. बायकोने लगेच खजूर पाठवले. सप्टेंबर सरत आला तरी उकाडा आहे. पण संध्याकाळी घळीतून वारा आला. गार. दारात खुर्च्या टाकून बसलो. भिंती तांबड्या, मग जांभळ्या, मग नाहीतच.
सु.ची खुर्चीही आणलीय. चुकून. घडीच्या तीन होत्या, तिन्ही उचलल्या. रेवाने तिच्यावर टॉवेल वाळत टाकला.

२४ सप्टें., मंगळ. दीसा
घळ पाहिली. काय लिहू? दोन्हीकडे भिंती इतक्या उंच की मान दुखते. मधून पाणी, घोट्याएवढं, काचेसारखं स्वच्छ. बोरू, खजूर. पिकअप पाण्यातून गेली तेव्हा रेवा मोठ्याने हसली. सव्वा वर्षात पहिल्यांदा ऐकलं. मी तोंड फिरवून घेतलं.
एका सुळक्याचा फोटो काढला तिने आणि "आई, हे बघ" म्हणून वळली. मागच्या सीटकडे. तिथे पाण्याचा कॅन होता.
मग दोघेही रडलो. अबू सालिमने गाडी थांबवली, उतरून लांब जाऊन उभा राहिला. भला माणूस. परत आला तेव्हा विचारलं, "मामा?" म्हणजे आई. मी मान हलवली. "अल्ला यरहमहा," देव तिच्यावर दया करो, म्हणाला आणि गिअर टाकला.
कावळे आहेत. शेपूट जवळजवळ नाहीच, उडताना वटवाघळासारखे दिसतात, पण बाकी अस्सल. एकाने अबू सालिमच्या डॅशबोर्डवरचा खुब्ज, त्यांची रोटी, आमच्या डोळ्यांदेखत पळवला. त्याने शिव्या घातल्या. मला बरं वाटलं.
उद्याचं मनात ठरवलंय. नैवेद्य ठेवायचा आणि आधी म्हणायचं, "सु., रेवाला मी माझ्याजवळ ठेवीन." शिवला तर प्रश्न मिटला. तिच्या आईचीच इच्छा, रेवा काय बोलणार? नाही शिवला तर म्हणायचं, "पाठवीन." मग शिवेलच.
खरं लिहितो. पहिल्यालाच शिवावा म्हणून देव पाण्यात घालून बसलोय. डायलिसिस मशीनच्या आकड्यांवर आयुष्य काढलेला माणूस मी, आणि निकाल द्यायचा कावळ्याने.

२५ सप्टें., बुध. अ. नवमी
पहाटेच उठलो. भात, वरण, भोपळ्याची भाजी, वडे. वडे फुटले. खीर रेवाने केली, मंदाला व्हिडिओ कॉलवर ठेवून. मंदा म्हणाली, "भाओजी, सवाष्ण कुठून आणणार?" रेवा म्हणाली, "अबू सालिम की वाइफ है ना!" ताट झाकून, वर कुंकवाची पुडी ठेवून गेली सुद्धा. पुडी परत आली, ताट नाही. बाईने सगळं खाल्लं, खीर परत मागितली, आणि हिच्या हातावर मेंदी लावून पाठवलं. एकाच हातावर, घाईत.
केळीचं पान कुठलं? सु.च्या ड्यूटीच्या डब्याचं झाकण घेतलं. घळीच्या तोंडाशी सपाट दगडावर ठेवलं. पाणी फिरवलं. चार पावलं मागे आलो. रेवा शेजारी उभी. हात जोडले. "सु." एवढं मनात म्हटलं, पुढचं वाक्य जुळवतोय—
तेवढ्यात आलाच.
मागून, डोक्यावरून. थेट झाकणात उतरला. आधी वडा, मग खीर. बघता बघता दुसरा, मग चार-पाच. मारामारी करून खाल्लं. भाताचं शीत ठेवलं नाही. झाकण खडकावर आपटून खाली पडलं.
मी हात जोडून तसाच. म्हणायचं ते तोंडातच राहिलं. इथल्या कावळ्यांना अडून बसणं माहीतच नाही.
रेवा कुजबुजली, "म्हणजे आईचं काही राहिलं नव्हतं?"
"नसावं."
"काहीच नाही?"
"घळ बघायची होती फक्त."
ती रडली, पण सुटल्यासारखी. मला मात्र राग आला. सु.चा. बावीस वर्षं प्रत्येक गोष्ट तिने ठरवली: पडदे कुठले, रेवाची शाळा कुठली, माझे शर्ट कुठले. आणि नेमकं हे एक मला ठरवायला ठेवून गेली.
झाकण शोधून धुतलं. पोचा आलाय.

२६ सप्टें., गुरु. दीसा
आज निघायचं. पलंग आवरला, खुर्च्या घडी केल्या. तिन्ही.
झोप नाही, जेवणही कालपासून नाही. भूकच नाही. रेवाने पोळ्या केल्या, तिच्या पहिल्याच, भारताच्या नकाशासारख्या. कालची भाजी. ताट माझ्यासमोर ठेवलं. मी घळीकडे बघत बसलो.
"बाबा, खा ना."
"खातो."
खाल्लं नाही. हात ताटाशी जाईना. ती समोर येऊन खाली वाळूत बसली. मेंदीचा हात आणि बिनमेंदीचा हात जोडले. गंमत करतेय असं वाटलं. करत नव्हती.
"बाबा, काय राहिलंय तुझं, सांग. मी प्रॉमिस करते. जे म्हणशील ते." मराठीत. सगळं मराठीत. "मी थांबू का? थांबेन मी. खरंच. पण तू जेव."
अगदी घाटावरच्यासारखं. फक्त मी ताटाच्या या बाजूला.
एक शब्द बोललो असतो तर राहिली असती. सोळा वर्षांची पोर, शब्द पाळते, आईवर गेलीय. ओठावर आलेला. किती जवळ आलेला ते सु.लाच ठाऊक.
पोळीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. मग दुसरा. भाजी खारट होती. भराभर खात राहिलो, वर न बघता, म्हणजे बोलावं लागू नये.
तिने दुसरी पोळी वाढली. मग डोळे पुसून म्हणाली, "हळू खा, ठसका लागेल."
अबू सालिमची बायको खजुरांचं टोपलं घेऊन येतेय. कावळे तिच्या मागे. फोन रेवाच्या पॉवर बँकेला लावलाय, चार्ज होतोय. एक्झिटचं ॲप तैमाला पोचल्यावर उघडेन.