औषधवालीच्या एका शब्दावर

अहो,

सत्त्याहत्तर साली, लग्न नवं असताना, माझ्या एका शब्दावर तुम्ही मिशी उतरवली होतीत. आता मास्क लावा म्हणून महिनाभर मी घसा कोरडा केला, तर म्हणे "जीव गुदमरतो!" काल त्या औषधवालीने नुसतं "साहेब, मास्क लावा ना" म्हटलं आणि तिनेच दिलेला मास्क लावून स्वारी घरी आली. जेवायला बसेपर्यंत काढलाही नाहीत. मी शिवलेला खुंटीवर तसाच!

तुमच्या दम्याचं औषध आणायला मीच जातेय. तुमचं आज दुकानात काही काम नाही. जेवण झाकून ठेवलंय.

बाहेर पडलातच तर खुंटीवरचा लावा. घरात मात्र तोंड उघडं ठेवा. ते बघायचा हक्क अजून माझाच आहे.

— तुमची मिशी उतरवणारी