मातीखालचा विस्तव

प्रिय धाकट्या,

'प्रिय' लिहिलं, कारण हाताला तेच वळण आहे. मनात तसं काही नाही. फोन तू उचलत नाहीस, वर निरोप धाडतोस की ताईला म्हणावं जरा सबुरीने घे. सबुरी तू काडी ओढताना ठेवायची होतीस.

उन्हाळाभर रानाकडेला काही पेटवायचं नाही, असं ओरडत वनखात्याची गाडी गल्लोगल्ली फिरत होती. तुझी सख्खी बहीण पहाऱ्याच्या मनोऱ्यावर डोळ्यांना दुर्बीण लावून धूर शोधत बसते. आणि तू बागेच्या छाटणीचा ढीग पेटवलास. खात्याला कळवलं असतंस तर त्यांनी फांद्या उचलून नेल्या असत्या. पण शहाण्याला कुणाला विचारायचं म्हणजे कमीपणा.

गाडीचा आवाज आला आणि तुझी पाचावर धारण बसली. पाणी मारायचं सोडून ढिगावर माती ओढलीस, फावड्याने थापलीस, आणि धूर दिसेनासा झाल्यावर साळसूदासारखा जेवायला बसलास. अरे, आपण कोळसा पाडणाऱ्याची पोरं. मातीखाली विस्तव विझत नाही, टिकतो, म्हणून तर बाबा भट्टीवर माती घालायचे. आपल्या घरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दोन दिवसांनी वारा सुटला, माती भेगाळली आणि आग चढावरून रानात शिरली. रानालगतचं शिंपीकाकांचं घर शिलाई मशीनसकट गेलं. त्यांचे दोन्ही हात भाजलेत, पुन्हा कात्री धरता येईल की नाही हे डॉक्टरही सांगत नाहीत. तू मात्र सासुरवाडीला जाऊन दडलास. हे सगळं मला तुझ्या बायकोने सांगितलं. तिच्यावर डाफरू नकोस, निदान तिचं मन तरी तिला खातंय.

एक वेळ मी हेही गिळलं असतं. पण चौकशीला आलेल्या साहेबांनी भट्टीसारखा थापलेला तो ढीग पाहिला आणि बाबांना विचारलं. बाबांनी लगेच कबूल केलं. ज्यांना काठीशिवाय उठवत नाही, सकाळचं जेवण संध्याकाळी आठवत नाही, ते फावडं कधी मारणार? मला वाटलं, म्हातारपणाचा घोळ. मी खोदून विचारलं तर म्हणाले, "मी विसरलो होतो गं. धाकट्याने आठवण करून दिली."

लाज कशी वाटली नाही रे तुला?

रोज सकाळी ते शिंपीकाकांचं विचारतात, ऐकतात आणि नव्याने रडतात. मी सांगते, बाबा, तुम्ही नाही हो. त्यांना पटत नाही. बाकी सगळं पुसलं जातं, तू सांगितलेलं तेवढं राहिलंय.

सोमवारी साहेब जबाबावर बाबांचा अंगठा घ्यायला येणार आहेत. त्यांना तुझं नाव मी सांगणार, ते ठरलंय, त्यासाठी तुझी गरज नाही. हे पत्र बाबांसाठी आहे. ये, त्यांच्यासमोर बस आणि तुझ्या तोंडाने सांग की आग तू लावलीस. दुसऱ्या दिवशी ते विसरतील. मग पुन्हा सांग. त्यांना पटेपर्यंत रोज सांग.

नावापुरती तुझीच,
ताई