चंद्राच्या वाकळीवरचा डाग

माधवनगर, सांगली
१२ ऑगस्ट २०२४

ती. बनुआक्कास, धाकट्या नानासोचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येईनासं झाल्यापासून माझं अक्षर तरी सुधारलं. पण आज गंमत सुचत नाही. चंद्रानं क्रांतीच्या बाळंतपणासाठी स्वतःच्या लुगड्यांची वाकळ शिवून ठेवली होती ना, तिच्यावर खंड्यानं घाण केली. कुत्रं म्हातारं झालंय. परातीएवढा पिवळा डाग पडला. मी घाबरून आधी उकळतं पाणी ओतलं, मग फिनेल. आता डाग तपकिरी झालाय, वास तसाच आहे आणि निळ्या इरकलीचा रंग पांढऱ्या तुकड्यावर उतरलाय.

क्रांती गौरी-गणपती उरकून येणार. तिच्या सासूबाई म्हणतात, माहेरी बाईमाणूस नाही, बाळंतपण पुण्यातच करू. पोरीनं हट्टानं सांगितलंय की मी आईच्या वाकळीवरच निजणार. तिनं ही वाकळ बघितली तर म्हणेल, आप्पांना वाकळ सांभाळता आली नाही, तान्हं मूल काय सांभाळणार? मग ती यायची नाही, आक्का. चंद्रा जाऊन दोन वर्षं झाली, या घरात नुसतं घड्याळ वाजतंय.

तू जन्मभर वाकळा शिवल्यास. उपाय लगेच कळव. क्रांतीला यातलं काही कळू देऊ नकोस.

रागावलीस तरी लोभ कमी करू नये.
तुझा नानासो

लिंब, सातारा
१७ ऑगस्ट २०२४

चि. नानासोस अनेक आशीर्वाद. सोबत राखी आहे. सोमवारी शेजारच्या मयूरीकडून बांधून घे.

फिनेल ओतलंस? ती वाकळ आहे का मोरी? चंद्रा असती तर तिनं तुलाच दगडावर आपटलं असतं. मुताच्या डागाला गरम पाणी कधी दाखवायचं नाही, डाग सुतात शिजतो. आता नीट वाच. वाकळ चार तास गार पाण्यात बुडव आणि पाणी दोनदा बदल. पिळू नकोस, तळव्यानं दाबून पाणी काढ. मग खायचा सोडा कालवून डागावर थाप, वाळला की झटकून टाक. बादलीत वाटीभर लिंबाचा रस घालून डागाचा भाग त्यात खळबळ, शेवटी साधं पाणी. एकदा करून भागलं नाही तर पुन्हा कर. ब्लीच मात्र लावू नकोस, चंद्राचे टाके विरतील. उतरलेला रंग आता निघायचा नाही, तो मनाला लावून घेऊ नकोस.

एक कळेना. खंड्यानं चंद्राच्या धाकानं बारा वर्षांत उंबरा ओलांडला नाही. मग आताच तो वाकळीपर्यंत कसा पोचला?

जीवाला जप, जेवत जा.
बनुआक्का

माधवनगर, सांगली
२८ ऑगस्ट २०२४

ती. आक्कास सा. न.

तू सांगितलंस तसं तीनदा केलं. डाग फिका झाला, वासही गेला होता. ऊन नाही, म्हणून दोन दिवस पंख्याखाली वाळवली. कुत्र्याचं म्हणशील, तर रविवारी त्याला विट्याला मळ्यात राहणाऱ्या बाळासोकडे पोचवून आलो. बाळासो म्हणाला, आवं नाना, लय म्हातारं झालंय हे, ह्याला कशाला घर सोडायला लावताय? पण ठेवून घेतला. टेम्पोत चढेना, उचलून घालावा लागला.

एवढं करूनही काल सकाळी बघतो तर वाकळीवर आणखी दोन ओले डाग. सोडा पुन्हा लावला तर कापड कुजेल का? क्रांतीनं वाकळीचा फोटो मागितला. मी म्हणालो, मोबाईलचा कॅमेरा बिघडलाय. तिनं खंड्याचं विचारलं, तर म्हणालो, झोपलाय. तिला यायला पंधरा दिवस राहिले.

उत्तराला उशीर करू नको, एवढी माया कर.
नानासो

लिंब, सातारा
२ सप्टेंबर २०२४

चि. नानासोस आशीर्वाद.

कुत्रं रविवारी विट्याला गेलं आणि मंगळवारी सकाळी वाकळ ओली. मला ऐकू येत नसलं तरी वाचता येतं, गड्या. वाकळ कपाटात ठेवलेली नाही, तू तिच्यावर झोपतोस.

आई रानात जायची तेव्हा तू सहा वर्षांचा होईपर्यंत तुझ्या वाकळा ओढ्यावर मीच धुतल्यात. तेव्हाही तू मांजरावर घालायचास. मी कुणाला सांगितलं नाही, आताही सांगणार नाही. पण सोडा-लिंबानं डाग जातो, दुखणं जात नाही. माझ्या दिरांना, लालासाहेबांना, हेच झालं होतं. मिरजेच्या दवाखान्यात तपासून गोळ्या दिल्या, महिन्यात थांबलं. ते सुभेदार होते, तरी त्यांना लाज वाटली नाही.

तू मिरजेला जा. आणि क्रांतीला तूच सांग. तिनं भरवसा ठेवून यायचं, तर तिला खरं माहीत हवं. आठवड्यात सांगितलं नाहीस तर मी एस.टी.नं येऊन सांगेन, आणि मी बोलते ते सगळ्या गल्लीला ऐकू जातं.

माझा जीव तुझ्यात आहे, म्हणून हे लिहिलं.
बनुआक्का

माधवनगर, सांगली
५ सप्टेंबर २०२४

चि. सौ. क्रांतीस आप्पांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तीनदा सांगायला गेलो आणि तीनदा पावसाचं बोललो, म्हणून लिहितो. तुझ्या आईच्या वाकळीवर डाग पडलेत. मी तुझ्या आत्याला सांगितलं की ते खंड्याचे आहेत. ते माझे आहेत. झोपेत मला कळत नाही, चार महिने झाले. वाकळीला तुझ्या आईच्या कपाटाचा वास होता, म्हणून तिच्यावर झोपत होतो. आता तो वासही मीच धुऊन टाकला. माझी लाज झाकायला मी त्या मुक्या जनावराला घराबाहेर काढलं. उद्या मिरजेला तपासायला जातोय.

डाग फिके झालेत, निळा रंग उतरलाय तो राहील. टाके सगळे शाबूत आहेत. हे पत्र सासूबाईंना वाचून दाखवलंस तरी चालेल. पुण्यातच थांबावंसं वाटलं तर थांब, वाकळ धुऊन पाठवून देईन.

उत्तर फोनवर देऊ नकोस. फोनवर तू हसून 'असू दे, आप्पा' म्हणशील आणि मला कळायचं नाही की तू येणार आहेस का नाहीस. येते किंवा येत नाही, एवढंच कागदावर लिही. पोस्टमन आमच्याकडे बाराला येतो. मी दारातच असेन.

तुझे आप्पा