ताटातली चावी

४ जुलै २०११, किलकेनी, आयर्लंड

हात काळे झाले! आठ वर्षांनी! कोपरापर्यंत ग्रीस. सुलभा दारातच ओरडली, "अहो, बेसिनला हात लावू नका!" मी वेड्यासारखा हसत उभा.

शेजारचा नोएल — चौऱ्याहत्तर वर्षांचा, एकटा. त्याचा जुना कॅम्पर ट्रक मागच्या बोळातल्या आवारात उभा आहे. पुढे ट्रकचं तोंड, मागे चिमुकली खोली, खोलीत दोन बिछाने आणि चहाची शेगडी. इंजिन कायमचं बसलेलं. आता ते आवार विकलं गेलंय. अठरा तारखेच्या आत ट्रक हलला नाही तर भंगारात. नोएलला तो ट्रॅमोरला न्यायचाय, समुद्रासमोर बहिणीचं शेत आहे तिथे. म्हणाला, बायकोबरोबर तीस उन्हाळे यातच काढले, उरलेलेही यातच काढीन. ओढायला पुतण्याची दणकट गाडी आहे. पण ट्रक ओढण्यालायक करणार कोण? गॅरेजवाल्यांनी हात वर केले.

मी म्हटलं, आय डू. एस.टी. वर्कशॉप, थर्टी-फोर इयर्स!

ज्ञानेशच्या कपाळाला आठ्या. "बाबा, इथे प्रत्येक गोष्टीला नियम असतात." त्याचं गवत कापायचं मशीन मी मे महिन्यात खोललं, ते अजून जोडलेलं नाही, हा खरा राग. असू दे. मुलाच्या घरी सोफ्यावर बसून बसून माझंच इंजिन बसायला आलं होतं.

६ जुलै

वर चढवून न्यायची मोठी गाडी त्या बोळात शिरत नाही. म्हणजे चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढायचं. लोकांना वाटतं, बांधली दोरी की निघाले! इंजिन बंद असताना मागची चाकं फिरली की गिअरबॉक्सही कोरडाच फिरतो, जळतो. म्हणून गिअरबॉक्सला मागच्या चाकांशी जोडणारा प्रोपेलर शाफ्ट आधी काढला. दोन बोल्ट निघता निघेनात. नोएलने तेल मारलं, मी शिव्या मारल्या. निघाले.

नोएल सगळ्यांना माझी ओळख करून देतो — "युअर मॅन फ्रॉम द बसेस." मला आवडतं.

९ जुलै

हँडब्रेक सुटला! चार टायर बदलले. मागचे दिवे पुतण्याच्या गाडीवरून पेटतील अशी वायर ओढली. पाऊस दिवसभर, छत्री धरायला नोएल. पाठ गेली कामातून. मजा!

११ जुलै

जेवताना सगळ्यांना समजावून सांगितलं. चावी एक घर फिरवून आतच ठेवायची. काढली की स्टेअरिंग लॉक. पुढची चाकं वळणार नाहीत, ट्रक सरळ भिंतीत. म्हणजे चावी नसेल तर हलवायचाच नाही! ज्ञानेश मोबाइलमध्ये. नात कौमुदी म्हणाली, "दॅट्स ग्रँड, आजोबा," आणि टीव्हीकडे वळली. सुलभाने भाजी वाढत "बरं" म्हटलं. या घरात माझं कोणी ऐकत नाही.

मग सुलभाने जुनी वाटी काढली, म्हणजे आठवण काढली. डेपोत असताना माझ्या खिशातून नट, वॉशर काय काय निघायचं. ती धुण्याआधी खिसे बघून सगळं एका वाटीत ठेवायची आणि सकाळी डब्याबरोबर हातात द्यायची. "कुठल्या बसचे राहिले हो?" मी म्हणायचो, जास्तीचे आहेत. जास्तीचेच असायचे! चौतीस वर्षांत माझ्या हाताखालून एक गाडी अर्धवट गेलेली नाही. कौमुदीलाही सांगितलं हे. दोनदा.

१५ जुलै

ओढायचा लोखंडी त्रिकोणी दांडा बसवला. दोन बाजूंना दोन जाड पिना आणि प्रत्येकीच्या टोकाला एक बारीक स्प्लिट पिन. ती करंगळीएवढीसुद्धा नाही. पण ती नसली की जाड पिन धक्क्याधक्क्याने वर सरकत जाते आणि एका वळणावर ट्रक आपल्या वाटेने निघतो.

काम संपतच आलं होतं, एवढ्यात नोएलची हाक — "टी!" काळा कुळकुळीत चहा, त्यात दूध. त्याने बायकोचे फोटो दाखवले, ट्रकच्या दारात बसून बटाटे सोलताना. म्हातारा रडला थोडा. मीही.

उद्या दहाला निघायचं.

१६ जुलै

पोचला. आधी हेच लिहितो. ट्रक ट्रॅमोरला सुखरूप पोचला.

बाकीचं लिहू की नको? इथे तरी लिहावं.

सकाळी सातलाच मी आवारात. नवी पँट! सुलभाने काढून ठेवलेली, कार्यक्रम आहे म्हणून. साडेनऊला ती ताट घेऊन आली. बोनेटला हळदकुंकू, अक्षता, नारळ. दहाबारा माणसं जमलेली, सगळी टोप्या काढून उभी! नोएलने खोबरं मागून घेतलं. सुलभा ताट घेऊन परत गेली. पुतण्याने गाडी सुरू केली. मी शेवटची नजर टाकायला आत डोकावतो, तर चावी नाही!

घरी फोन लावला. सुलभा शांतपणे म्हणते, "अय्या, पूजेला घेतली होती, ताटातच राहिली. आणते चालत." तिच्या चालीने दहा मिनिटं! वर म्हणते, "तोवर तुम्ही पुन्हा एकदा सगळं बघून घ्या ना."

मला शिकवते! मी जो भडकलो. सगळ्यांसमोर, फोनवर. अक्कल कुठे गहाण ठेवलीस म्हणालो. मराठीत, पण ओरडणं कोणालाही कळतं. नोएल बुटांकडे बघत राहिला.

रागारागात ट्रकभोवती फिरलो. दांड्यापाशी वाकलो. दोन्ही जाड पिनांची भोकं रिकामी. स्प्लिट पिना नाहीत! काल चहाची हाक आली तेव्हा खिशात टाकल्या असणार. नोएलच्या डब्यातून दोन घेतल्या, बसवल्या, टोकं वाकवली. कोणी पाहिलं नाही. मागून ज्ञानेशच्या गाडीत आम्ही बसणार होतो. पुढे उतार, वळणं, समोरून येणारी पोराबाळांच्या गाड्यांची रांग...

सुलभा आली. चावी दिली. एवढंच विचारलं, "झालं सगळं?"

"केव्हाच झालंय," मी म्हणालो.

१७ जुलै

सुलभा कामापुरतं बोलते. बरोबर आहे तिचं. माफी मागायची तर सगळं सांगावं लागेल, आणि ते तोंडातून निघत नाही. लाज वाटते. देवाने वाचवलं म्हणायचं, दुसरं काय! तिच्या विसरभोळेपणाच्या रूपाने.

परवाच्या कामाच्या पँटचे खिसे तपासले. धुतलेले, रिकामे. पिना कपडे धुवायच्या मशीनमध्ये अडकल्या असतील तर ज्ञानेश मला पुढच्या विमानाने पाठवेल.

१८ जुलै

मशीन खोलून पाहिलं. नाहीत. जोडलं. (या वेळी लगेच!)

१९ जुलै

नोएलचा फोन. ट्रकच्या दारात बसलाय, पुढ्यात समुद्र. "युअर मॅन फ्रॉम द बसेस! शनिवारी या. बायकोला आणा. तिला आधी आणा!" सुलभाला सांगितलं. हसली. पहिल्यांदाच, तीन दिवसांनी.

२० जुलै

सुलभा बाहेर गेली होती, म्हणून देवापाशी दिवा मी लावायला गेलो. काडेपेटी शोधताना देवांच्या मागे एक वाटी सापडली. वाटीत दोन स्प्लिट पिना. पुसलेल्या, कुंकू लावलेल्या.

ती आल्यावर वाटी पुढे धरली. पिशवीतली भाजी ओट्यावर काढत म्हणाली, "निघायच्या दिवशी सकाळी मशीन लावताना खिशात सापडल्या. तिथे आले तर ही गर्दी! एवढ्या लोकांसमोर तुमच्या हातात कशा देणार होते? आणि चावी नसेल तर हलवायचा नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं की, जेवताना."