सुखदा सायकलीचा खुलासा

नेवासा,
मंगळवार, सकाळ

श्री. सुहासराव यांस,

मार्तंडचा सादर नमस्कार. ('व्याहीबुवा' असं लिहून खोडलं आहे, खाडाखोडीबद्दल क्षमा. तो शब्द राहायचा की जायचा हे आता आपल्याच हातात आहे.) आपली व वहिनींची प्रकृती ठीक असेल. आईंचे गुडघे कसे आहेत? चि. मैत्रेयीचं ऑफिस पुन्हा सुरू झालं असेल. इकडे सर्व कुशल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणाल तर आमचा अनीश नऊ दिवस माझ्याशी एक अक्षर बोललेला नाही, आणि सौ. रोहिणी बोलते ती फक्त भांड्यांशी. आपण माझा नंबर ब्लॉक केल्यामुळे पोस्टात जाऊन पाकीट आणावं लागलं. (पत्त्यात अहिल्यानगर लिहिलंय, तोंडात अजून नगरच येतं.)

साखरपुडा पुढे ढकलला की कायमचा मोडला, एवढं तरी पोरांना कळावं, म्हणून झाला प्रकार पहिल्यापासून सांगतो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी इथल्या वाचनालयाचा मानद चिटणीस आहे, हे आपण जाणताच. (मानद म्हणजे चहासुद्धा स्वतःचा.) गेल्या महिन्यात बायकांच्या जुन्या मासिकांना वाळवी लागली म्हणून मी ती उन्हात घालत होतो, तर १९६३ सालच्या एका दिवाळी अंकात पानभर जाहिरात दिसली. पांढरं पातळ, दोन वेण्या, सायकलीच्या हँडलवर हात ठेवून हसणारी एक मुलगी. मी उडालोच. त्या आपल्या मातोश्री होत्या! आम्ही अनीशसाठी मैत्रेयीला बघायला आलो तेव्हा त्यांच्या लग्नाचा फोटो माझ्या अगदी समोर होता. पोहे संपले होते, बायकांचं बोलणं संपत नव्हतं, त्यामुळे तो फोटो मी चांगला पाऊण तास पाहिला होता. तीच हनुवटी, तीच खळी. मुलींच्या शाळेच्या कडक मुख्याध्यापिका म्हणून नगरभर ज्यांचा दरारा, त्या तरुणपणी जाहिरातीत झळकल्या होत्या आणि घरात कुणी बोललं नव्हतं, याचं मला भारी कौतुक वाटलं.

आता ती जाहिरात. वर ठळक अक्षरांत 'आता ती कधीच घरी बसून राहत नाही!' खाली 'सुखदा'. त्याखाली 'हिंडा, खेळा, कॉलेजला जा, निर्धास्त राहा.' सुहासराव, आपण बँकेत अधिकारी आहात, चार माणसं आपला सल्ला घेतात. आपणच सांगा, ही कशाची जाहिरात? मी म्हटलं, सायकलीची. कोपऱ्यात एक कूपन होतं, 'हे कापून दुकानदाराच्या हाती द्या, एक शब्दही बोलावा लागणार नाही.' मला वाटलं, सवलतीचं असेल. पुढे 'साध्या कोऱ्या कागदात गुंडाळून मिळेल.' सायकल कागदात कशी गुंडाळणार, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण नव्या सायकलीच्या दांड्याला खाकी कागद गुंडाळलेला असतोच की! डझनाचाही भाव दिला होता. तो दुकानदारांसाठी असावा, असं मी धरून चाललो. अख्ख्या पानावर त्या वस्तूचं नाव नाही, चित्र नाही, आणि जे चित्र होतं ते सायकलीचं. यात माझी चूक किती आणि जाहिरात लिहिणाऱ्याची किती, हे आपणच तोलावं.

आपण मोठ्या मनाने साखरपुड्याला नेवाशाला यायचं कबूल केलंत, तेव्हा आपल्या घराण्याचा काही तरी मान करावा असं मनात आलं. आमच्याकडे मान म्हणजे फ्लेक्स. बैल जिंकला तरी फ्लेक्स, पोरगं दहावी पास झालं तरी फ्लेक्स. फाट्यावरच्या अमृतकडे गेलो आणि जाहिरात मोठी करून मागितली, दहा बाय आठ. अमृत हौशी आहे. त्याने न विचारता वर 'आमचे प्रेरणास्थान' टाकलं, आईंचं नाव घातलं आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून आमच्या वाचनालयाच्या साऱ्या कार्यकारिणीचे गोल फोटो लावले. सगळे पुरुष, मधोमध मी, गॉगल लावून. रोहिणीला दाखवला असता तर तिथेच उलगडा झाला असता, पण मला सगळ्यांना चकित करायचं होतं. ते मात्र मी केलं.

आपली गाडी यायला दहा मिनिटं असताना मंगल कार्यालयात पुऱ्या तळायला आलेल्या बनुबाई बाहेर आल्या, दारावरच्या फ्लेक्सकडे बघत उभ्या राहिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, ही सायकलीची न्हाई हो. न बोलता, कागदात गुंडाळून बाईमानूस दुसरं काय आनतं? कावळा शिवल्यावर लागतंय त्ये हाय." मी तरीही विचारलं, मग सायकल कशाला? "आवो, तवाबी बसता येतंय म्हून!"

आता झाकणं आलं. आत धावलो, सतरंजी आणली, खुर्चीवर चढलो. सतरंजी अपुरी पडली. तिने 'सुखदा' झाकलं, कूपन झाकलं, सायकलही झाकली. उरलं ते आईंचं हसू, 'आमचे प्रेरणास्थान' आणि 'आता ती कधीच घरी बसून राहत नाही'. हे आधीपेक्षा वाईट दिसतंय हे मला खुर्चीवरून कळत नव्हतं. तेवढ्यात आपली गाडी आली, वारा सुटला आणि सतरंजी माझ्या डोक्यावर पडली. पुढचं मी ऐकलं ते सतरंजीच्या आतून. आपल्या आत्याबाईंचा 'अगं बाई!', आणि मग आपण म्हणालात ते. आईची अब्रू मी वेशीवर टांगली, असं आपण म्हणालात. आई गाडीत तोंडाला रुमाल लावून बसल्या होत्या, हे सतरंजी काढल्यावर पाहिलं. गाडी वळली. पुऱ्या दीडशे माणसांच्या होत्या.

सुहासराव, मला लाज वाटली, अजून वाटते. पण जाहिरातीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची जास्त वाटते. त्या रात्री रोहिणी एवढंच म्हणाली की बत्तीस वर्षांत मेडिकलमधून काळ्या पिशवीत मी काय आणत होते, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. खरंच नाही विचारलं. बनुबाईंना न शिकता जे कळलं ते मला चिटणीस होऊनही कळलं नाही.

तरी माझ्या अडाणीपणाची शिक्षा पोरांना देऊ नये. आईंचा माझ्या हातून अजाणता जो घोर अपमान झाला, त्याबद्दल मी आपल्या दारात येऊन, म्हणाल त्या शब्दांत माफी मागेन. लहानांस आशीर्वाद. लोभ उरला असेल तर तो तसाच राहू द्यावा.

आपला,
मार्तंड

ता. क. : फ्लेक्स उतरवून वाचनालयाच्या कपाटात कुलपात ठेवला आहे. किल्ली रोहिणीने काढून घेतली आहे.

ता. क. २ : वर 'घोर अपमान' असं लिहिलं आहे, ते वाक्य कृपया गाळून वाचावं. पाकीट चिकटवणार तेवढ्यात आईंचा फोन आला. (त्यांनी मला ब्लॉक केलेलं नाही.) फोटो कशासाठी काढतात हे त्यांना पक्कं माहीत होतं. वसतिगृहातल्या तीन मुलींना विचारलं होतं, दोघी पळाल्या. आईंना सायकल येत नव्हती, फोटोच्या वेळी त्याच दोघींनी ती मागून धरली होती. आदल्या वर्षी त्या चार दिवसांपायी त्यांचा एक पेपर बुडाला होता. फोटोच्या पैशातून त्यांनी आधी तीच वस्तू घेतली आणि सगळे पेपर दिले. गाडीत रुमाल लावला होता तो रडू आलं म्हणून नव्हे. मी खुर्चीवर आणि सतरंजी माझ्या डोक्यावर, हे पाहून त्यांना हसू आवरेना.

ता. क. ३ : आता खरी विनंती. आई म्हणाल्या, "नऊ दिवस सुहास माझ्या अब्रूसाठी सगळ्यांशी भांडतोय. मला काय वाटलं, ते त्याने मला एकदाही विचारलं नाही." तेव्हा माझी माफी राहू द्या. आधी आईंपाशी बसा आणि विचारा.

ता. क. ४ : विचारणं जमलं नाही तरी कळवतो की आईंनी साखरपुड्याला येता रविवार ठरवला आहे. सकाळी नऊला आमच्या गावच्या मच्छिंद्रची जीप आपल्या दारात येईल. पुढे आई बसणार, मधे मैत्रेयी आणि वहिनी. मागच्या बाकावर आपली जागा धरून ठेवायला आईंनी सांगितलं आहे, यायचं असलं तर.